आमच्या डोक्यावरचं वारं

बेळगावात घरात हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर टांगला तर पावसाळ्यात त्याचा आकडा 925 हेक्टोपास्कलच्या आसपास राहतो. खाली वेंगुर्ल्याला तोच हजाराच्या वर असतो. आमचं शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, तेवढ्या उंचीची हवा आमच्या खाली राहिली, म्हणून हा फरक. एरवी या आकड्याकडे माझं लक्ष गेलंही नसतं. पण केरळात मान्सून दाखल झाला हे जाहीर करताना भारतीय हवामान खातं जे निकष लावतं, त्यांत हाच आकडा आहे. 10 मेनंतर ठरवून दिलेल्या 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा. ढगांची दाटी एवढी हवी, की जमिनी-समुद्रावरून अवकाशात जाणारी उष्णता ठरावीक मर्यादेच्या खाली यावी. आणि वारा हवा. पश्चिमेचा वारा 600 हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे चार किलोमीटरच्या वरपर्यंत भरलेला असावा आणि 925 हेक्टोपास्कलच्या पातळीला त्याचा वेग 15 ते 20 नॉट, म्हणजे ताशी साधारण 28 ते 37 किलोमीटर, असावा.

म्हणजे केरळाजवळच्या समुद्रावर ज्या उंचीचा वारा बघून देशाचा पावसाळा सुरू झाल्याचं ठरतं, त्याच उंचीवर आमची घरं आहेत. हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मी पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. त्या वर्षी वर्गात गेल्या गेल्या फळ्यावर 925 लिहिलं आणि मुलांना विचारलं, हा कशाचा आकडा सांगा. एकाने ‘कुकरचं प्रेशर’ म्हटलं. दाब आहे एवढं तरी त्याने ओळखलं होतं, तिथूनच पुढे बोलता आलं.

माझं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. तिकडे अजून बरीच माणसं धूळवाफेवर भात पेरतात. रोहिणीत कोरड्या मातीत बी टाकायचं आणि मृगाच्या पावसावर ते वर यायचं. हिशेब साधा दिसतो, पण फार नाजूक आहे. वळवाच्या एका मोठ्या सरीवर बी उगवलं आणि पुढचे पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं, तर कोंब जळून जातो आणि दुबार पेरणी करावी लागते. उशिरा पेरावं तर मान्सून एकदम धो धो धरतो, मग वाफसाच मिळत नाही. सगळं काही पेरणीचा दिवस नेमका साधण्यावर असतं. आप्पांच्या तोंडी त्या दिवसांत पाऊस हा शब्द कमी आणि वारं हा जास्त येतो.

“आप्पा, मोबाईलवर उद्या पाऊस दावलाय.”

“दावलाय खरं, वारं कुठं हाय? अजून उगवतीकडनंच सुटालंय. मावळतीकडनं वारं धरल्याबिगर मी बियाला हात लावत न्हाई.”

आप्पा बांधावर उभे राहून हे ठरवतात. बांबूच्या शेंड्याकडे बघतात, धुळीची चिमूट उचलून खांद्याच्या उंचीवरून सोडतात आणि ती कुठे जाते, किती तिरकी जाते, ते डोळे बारीक करून बघतात. आज्जीही खळ्यावर उपणायला उभी राहण्याआधी हेच करायची. वारा दिसत नाही, धूळ दिसते. पुढे लेझरने वारा मोजायची पद्धत वाचली तेव्हा ती मला चटकन कळली, ती या चिमटीमुळे. तिथेही उजेड सोडायचा, तो हवेतल्या धुळीवर आपटून परत येतो, आणि धूळ कुठल्या वेगाने चालली आहे ते त्या परतलेल्या उजेडातून वाचायचं.

आप्पांच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण बांधावरचा वारा हा वाऱ्याचा फक्त तळ असतो. झाडं, घरं, टेकड्या त्याला अडवतात, वळवतात. पावसाचं पाणी घेऊन येणारा खरा प्रवाह त्याच्या वर असतो. पावसाळ्यात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडून वाऱ्याचा एक जोरकस पट्टा सोमालियावरून अरबी समुद्रात शिरतो आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे येतो. त्याचा सगळ्यात वेगवान भाग समुद्रसपाटीपासून साधारण एक ते दीड किलोमीटरवर असतो. दीड किलोमीटर म्हणजे बेळगावच्या गच्चीवरून मोजलं तर जेमतेम 750 मीटर वर. पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी 1966 मध्ये भारतीय द्वीपकल्पावरच्या या जुलैतल्या प्रवाहाचं वर्णन केलं. 1969 मध्ये फिंडलेटर यांनी तो आफ्रिकेपासून इथपर्यंत सलग दाखवला आणि जगभर त्यांचंच नाव रूढ झालं. जोसेफ-रामन यांचं नाव आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत तरी यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच्या पुष्कळ वर, 14 ते 16 किलोमीटरवर, वारा बरोबर उलटा वाहतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे, ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे. पी. कोटेश्वरम यांनी 1958 मध्ये या पूर्वेच्या जेट प्रवाहावर लिहिलं. हा दुहेरी व्यवहार डोळ्यांनी बघायला मिळणं कठीण, कारण पावसाळ्यात खालचे ढग वरचं काही दिसू देत नाहीत. मला तो एकदा चोर्ला घाटाच्या रस्त्यावर, कणकुंबीच्या अलीकडे दिसला. पाऊस थांबला होता. कड्यावरून वर चढणारे करडे ढग रस्ता ओलांडून मलप्रभेच्या बाजूला, पूर्वेकडे पळत होते. इतके खाली, की समोरच्या झाडाचा शेंडा मधेच पुसून जात होता. मग त्यांत एक मोठी फट पडली आणि वर, फार वर, पांढरे विंचरल्यासारखे तंतू दिसले. मी विजेच्या खांबाचं टोक खुणेला धरून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. ते खांबाच्या टोकापासून हळूहळू गोव्याकडे सरकत होते. एकाच आभाळात दोन विरुद्ध वारे, आणि मधे कुठेतरी अशी एक उंची, जिथे पश्चिमेचा वारा संपतो आणि पूर्वेचा सुरू होतो. ती उंची किती, रोज तीच असते की खालीवर होते, पाऊस जोरात असताना तिचं काय होतं, हे प्रश्न तिथेच उभ्या उभ्या सुचले.

याची उत्तरं मिळवायची तर प्रत्येक उंचीवरचा वारा मोजावा लागतो. जमिनीवरून ते काम फुगा करतो. हवामान केंद्रांतून सकाळ-संध्याकाळ फुगे सोडतात, जगभर एकाच घटकेला, आपल्या घड्याळाने साडेपाचच्या सुमारास. आम्हाला जवळचं असं केंद्र पणजीला आहे. फुगा वर जाता जाता वाऱ्याबरोबर वाहवत जातो आणि तो कसा वाहवला त्यावरून प्रत्येक थराचा वारा कळतो. पद्धत जुनी आहे, चांगली आहे, पण फुगा सोडायला पायाखाली जमीन लागते. आमचा पाऊस ज्या समुद्रावरून येतो, तिथे फुगे सोडणारं कोण?

समुद्रावरचा वारा आपण दोन टोकांनी पकडत आलो. तळाला, लाटांच्या खरखरीवरून. ओशनसॅट-2 आणि स्कॅटसॅट-1 हे आपले उपग्रह पाण्यावर रडारच्या लहरी सोडून पृष्ठभागाचा वारा काढायचे, आता 2022 मध्ये गेलेला ओशनसॅट-3 तेच करतो. दुसरं टोक ढगांचं. इन्सॅटची लागोपाठची चित्रं घेऊन ढग किती सरकले ते बघायचं. पण तो ढग नक्की किती उंचीवर होता, याचा अंदाज चुकला की वारा भलत्याच थराला चिकटवला जातो. आणि जिथे ढगच नाहीत, तिथल्या मधल्या हवेचं काय चाललं आहे, ते मोकळंच राहतं.

युरोपात ही उणीव थोडी झाकली जाते. बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाचा 1857चा एक नियम आहे: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं क्षेत्र डाव्या हाताला असतं. जुलैत येळ्ळूरच्या राजहंसगडावर करून बघा. पश्चिमेच्या वाऱ्याला पाठ दिली की तोंड पूर्वेला येतं, डावा हात उत्तरेला, आणि उत्तरेत गंगेच्या खोऱ्यावर खरोखरच मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा पसरलेला असतो. म्हणजे दाबावरून वारा काढता येतो. पण याच्या मागे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम आहे, आणि विषुववृत्ताकडे जावं तसा तो क्षीण होत जातो. बेळगावच्या अक्षांशावर तो पॅरिसच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त भरतो, विषुववृत्तावर शून्य. आमचा वारा तर विषुववृत्त ओलांडूनच येतो. उष्ण कटिबंधात वारा दुसऱ्या कशावरून नीट काढता येत नाही, तो प्रत्यक्ष मोजावाच लागतो. ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याच समुद्रावर मोजणी सगळ्यात कमी, हे मला फार लागतं.

याच बाइस बॅलटने 1845 मध्ये आणखी एक गोष्ट केली होती. ख्रिश्चन डॉप्लरने त्याआधी तीन वर्षं, 1842 मध्ये, लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरी दाटतात आणि लांब जात असेल तर पसरतात असं मांडलं होतं. ते खरं की खोटं हे तपासायला बाइस बॅलटने आगगाडीच्या उघड्या डब्यात ट्रंपेट वाजवणारे बसवले आणि रुळाच्या कडेला सूर ओळखणारे जाणकार उभे केले. गाडी येताना सूर चढा लागला, जाताना उतरला. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाला अडकलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. भोंगा वाजवत इंजिन आपल्यासमोरून गेलं की त्याचा आवाज झपकन खाली येतो. ताशी 60 किलोमीटरच्या गाडीचा सूर येताना जवळपास 5 टक्के चढतो आणि जाताना साधारण तेवढाच उतरतो. कानाला हे सहज कळतं. मुलांना मी गेट पडलं की मोबाईलवर आवाज टिपायला सांगते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्यातून गाडीचा वेग काढतो.

आता हेच उजेडाच्या बाबतीत. उजेडाचा वेग आवाजाच्या जवळजवळ नऊ लाख पट, त्यामुळे वाऱ्याने उजेडात पडणारा फरक अगदी सूक्ष्म. वारा सेकंदाला एक मीटरने, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या चालीने, लेझरकडे येत असेल तर परतणाऱ्या उजेडाची कंपनसंख्या 15 कोटींत 1 इतकीच बदलते. डोळ्यांना न दिसणारा 355 नॅनोमीटरचा अतिनील उजेड घेतला तर सेकंदाला 845 लाख कोटी कंपनांत फरक 56 लाखांचा. हा आकडा मी दर वर्षी फळ्यावर पूर्ण शून्यांसकट लिहिते. माणसांनी एवढा बारीक फरक उडत्या विमानातून आणि फिरत्या उपग्रहातून मोजला, ही मला आपल्या काळातली मोठी गोष्ट वाटते.

विमानातली पद्धत आधी सांगते, कारण ती आप्पांच्या चिमटीच्या जवळची आहे. त्यात साधारण 2 मायक्रॉन, म्हणजे 2000 नॅनोमीटर तरंगलांबीचा, अवरक्त लेझर वापरतात. तो हवेतली धूळ, मीठ, धूर यांच्या कणांवरून परततो. परतलेला उजेड दुसऱ्या एका स्थिर लेझरच्या उजेडात मिसळला की दोन्ही कंपनसंख्यांमधला जेवढा फरक, तेवढ्या कंपनांचा एक नवा विद्युत संकेत तयार होतो, आणि तो मोजणं इलेक्ट्रॉनिक्सला सोपं. वारा एक मीटर प्रतिसेकंद असेल तर हा फरक सुमारे दहा लाख कंपनांचा. विमानाच्या पोटातून किरण थोडा तिरका सोडून गोल फिरवतात, म्हणजे वेगवेगळ्या दिशांनी तोच थर बघितला जातो आणि वाऱ्याचा वेग व दिशा दोन्ही निघतात. अडचण अशी, की विमान स्वतः सेकंदाला दोनशे मीटरने चाललेलं असतं. किरणाचा कोन किंचित जरी चुकला तरी विमानाचा वेग वाऱ्यात घुसतो. त्यावर तोड म्हणून किरण जमिनीवर पडून आला की त्याचा वेग तपासतात. जमीन स्थिर आहे हे पक्कं माहीत असल्यामुळे तिथे जो काही वेग दिसेल ती चूक, ती वजा करायची.

जर्मनीच्या डीएलआर या संस्थेचं फाल्कन विमान आणि नासाचं डीसी-8 यांनी अशी यंत्रं घेऊन अटलांटिकवर पुष्कळ उड्डाणं केली. फाल्कनमध्ये दोन लेझर एकत्र होते, एक हा धुळीवरचा आणि दुसरा उपग्रहावर जाणार होता त्याचा जुळा भाऊ. 2019 मध्ये आइसलँडहून आणि 2021 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेच्या केप व्हर्दे बेटांवरून, उपग्रह जायच्या वेळेला त्याच्या वाटेखाली नेमकं विमान नेऊन, दोघांचा वारा ताडून पाहिला. डीसी-8 त्याच 2021च्या मोसमात कॅरिबियनच्या सेंट क्रॉय बेटावरून उडत होतं. केप व्हर्दे निवडण्यामागे सहाराची धूळ होती, जी तिथून समुद्रावर थरांनी पसरते.

तो उपग्रह म्हणजे एओलस. युरोपीय अवकाश संस्थेने 1999 मध्ये तो करायचं ठरवलं. जायचा होता 2007च्या सुमारास, गेला 22 ऑगस्ट 2018 ला, फ्रेंच गयानातल्या कुरूहून. मधली सगळी वर्षं लेझरपायी गेली. जोरदार अतिनील उजेड निर्वात जागेत भिंगा-आरशांवरून सतत जायला लागला की आजूबाजूच्या गोंदाचे, प्लास्टिकचे सूक्ष्म अंश त्यांच्यावर बसून जळतात आणि काच काळवंडते. शेवटी आरशांभोवती अगदी विरळ ऑक्सिजन खेळवायचा उपाय सापडला, त्याने तो थर बसतानाच जळून निघतो. एवढ्या साध्या वाटणाऱ्या उत्तरापर्यंत पोहोचायला लागलेली वर्षं मी मुलांना मुद्दाम सांगते. त्यांना शोध म्हटलं की एका रात्रीत लागलेला दिसतो.

एओलसमधलं यंत्र अलादीन, त्याची दुर्बीण दीड मीटर व्यासाची. 320 किलोमीटर उंचीवरून तो सेकंदाला पन्नासेक झोत खाली सोडायचा, सरळ खाली नव्हे तर 35 अंश बाजूला. झोत हवेतून परत यायला तीन मिलिसेकंदही लागत नसत, आणि त्या इवल्या वेळाचे 24 तुकडे करून तो 24 थरांचा वारा वेगळा काढायचा. धूळ आणि ढग असतील तिथे त्यांच्यावरून. आणि जिथे धूळही नाही, निव्वळ स्वच्छ हवा आहे, तिथे? तिथे नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंवरून.

माझं मन इथे अडकलं आहे. स्वतः हवेनेच परत केलेला उजेड. आभाळ निळं ज्यामुळे दिसतं तेच हे विखुरणं, आणि तरंगलांबी लहान केली की ते झपाट्याने वाढतं. 2 मायक्रॉनऐवजी 355 नॅनोमीटर घेतलं तर सुमारे हजार पट. म्हणून अतिनील लेझर, म्हणून ती सगळी काळवंडणाऱ्या काचांची कटकट. पण रेणू स्वस्थ नसतात. वारा पूर्ण पडलेला असतानाही ते प्रत्येक दिशेने सेकंदाला साडेचारशे मीटरच्या घरात धावत असतात. त्यामुळे परतलेला उजेड एका रंगाचा न राहता पसरट होतो, आणि त्या पसरटपणात वाऱ्याने केलेला दहा-वीस मीटरचा फरक शोधायचा. अलादीनने तो असा शोधला: पसरलेल्या उजेडाच्या दोन्ही बाजूंना एकेक गाळणी लावली. वारा नसेल तर दोन्हींतून सारखा उजेड गळतो. वारा असेल तर सगळा पसारा किंचित एका बाजूला सरकतो आणि एका गाळणीत जास्त, दुसरीत कमी उजेड येतो. त्या दोघांच्या प्रमाणावरून वारा.

एओलसच्या मर्यादाही मोठ्या होत्या. स्वच्छ हवेतला एकेक आकडा सुमारे 87 किलोमीटरच्या पट्ट्याची सरासरी असायचा. बेळगाव ते वेंगुर्ला सरळ रेषेत अंतर जवळपास तेवढंच आहे, म्हणजे समुद्र, कोकण, घाट आणि देश सगळं एका आकड्यात. शिवाय त्या आकड्यात सेकंदाला चार-पाच मीटर किंवा त्याहून जास्त डळमळ, ढगांवरच्या आकड्यांत तीनेक मीटरची. तो वाऱ्याचा एकच घटक मोजायचा, आपल्या वाटेला काटकोनात असलेला. पण त्याची वाट ध्रुवाकडून ध्रुवाकडे, म्हणून आमच्या पट्ट्यात त्याची नजर साधारण पूर्व-पश्चिम पडायची, आणि आमचे दोन्ही मोठे वारे, खालचा आणि वरचा, पूर्व-पश्चिमच वाहतात. उष्ण कटिबंधाला हा एकच घटक पुष्कळ उपयोगी पडला, तो यामुळे. दर आठवड्याला 111 प्रदक्षिणा करून तो पुन्हा त्याच रेषांवर यायचा, विषुववृत्त ओलांडायच्या वेळा तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या सहाच्या. मोठी अडचण ढगांची. दाट ढगातून लेझर खाली जात नाही. जुलैत कणकुंबी-आमगाववर तो ढगांच्या माथ्यापर्यंतच बघू शकायचा. उलट सोमालिया-ओमानच्या बाजूला आभाळ मोकळं आणि हवेत वाळवंटाची धूळ, तिथे उजेड चांगला परततो. आमच्या पावसाचा वारा आमच्या डोक्यावर पकडता येत नाही, पण दोन हजार किलोमीटर मागे, निघतानाच, पकडता येतो. अंदाजाच्या दृष्टीने मला हेच जास्त मोलाचं वाटतं.

2019चा ऑगस्ट इकडे कुणी विसरलेलं नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच फुगल्या. चिकोडी, निपाणी, गोकाक, रामदुर्गकडची गावंच्या गावं पाण्यात गेली, बेळगाव शहरातही कित्येक दिवस पाणी उतरलं नाही. त्या दिवसांत एओलस वर फिरतच होता. पहिल्या लेझरचा जोर कमी होत गेला म्हणून जूनअखेरीस दुसरा चालू केला होता. पण त्याचा वारा अजून अंदाजांत घेतला जात नव्हता. आकडे ठरावीक ठिकाणी ठरावीक प्रकारे चुकत होते आणि कारण सापडत नव्हतं. ते नंतर सापडलं. दुर्बिणीच्या मोठ्या आरशाचं तापमान सगळीकडे एकसारखं राहत नव्हतं. खालून पृथ्वीची उष्णता कमी-जास्त यायची, त्याने आरशाच्या कडेत आणि मध्यात अर्ध्या अंशाहूनही कमी फरक पडायचा, आणि तेवढ्याने वारा कित्येक मीटर प्रतिसेकंद चुकायचा. ही चूक वेगळी काढता आल्यावर इंग्लंडातल्या रीडिंग शहरातल्या युरोपीय हवामान अंदाज केंद्राने 9 जानेवारी 2020 पासून हे आकडे रोजच्या अंदाजात घ्यायला सुरुवात केली. सगळ्यात जास्त फायदा उष्ण कटिबंधात आणि ध्रुवांकडे दिसला, म्हणजे फुगे आणि विमानं कमी तिथेच. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत कोविडने जगातली विमानं जमिनीवर बसली आणि विमानांकडून रोज मिळणारा वरच्या हवेचा वारा आटला. तेव्हा एओलसचं मोल आणखी वाढलं. आपल्या नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्रातही त्याच्या वाऱ्याची पारख झाली.

तीन वर्षांसाठी केलेला उपग्रह पावणेपाच वर्षं टिकला. सूर्याची सक्रियता वाढत होती, त्याने वरची हवा फुगून उपग्रहाला तिचा अडथळा वाढला, इंधन संपत आलं. 30 एप्रिल 2023 ला काम थांबवलं आणि उरलेल्या इंधनावर त्याला टप्प्याटप्प्याने खाली आणून 28 जुलै 2023 ला अंटार्क्टिकावर जळू दिलं. अशा परत येण्यासाठी तो बांधलेलाच नव्हता. तरी माणसांवर तुकडे पडू नयेत म्हणून एवढा खटाटोप केला, याचं मला कौतुक आहे.

तेव्हापासून अवकाशातून असा थराथराने वारा मोजणारं दुसरं यंत्र आलेलं नाही. युरोपची पुढची जोडी 2030च्या दशकात जायची आहे. तोपर्यंतचे पावसाळे फुगे, ढग आणि लाटांवरच काढायचे आहेत.

आप्पांना मी हे सगळं एकदा सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “मग इमानातनं का मोजत न्हाईत? इमानं तर रोज उडत्यात की.” सांब्र्याची धावपट्टी आमच्या वाऱ्याच्याच रेषेत, पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात विमानं पश्चिमेकडे तोंड करून, वाऱ्याला सामोरी उडताना आप्पांनी पाहिली आहेत. त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांच्या अभ्यासासाठी विमानं उडवली आहेत, महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा चालवली आहे. कोचीनच्या विद्यापीठात 205 मेगाहर्ट्झचं रडार किनाऱ्यावर उभं राहून याच खालच्या जेट प्रवाहाकडे बघतं. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, आणि चक्की उभारायच्या आधी वारा वर्षभर मोजून घ्यावा लागतो हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोजणारी माणसं आणि मोजायची सवय, दोन्ही आपल्याकडे आहेत. मला हवं आहे ते असं: मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत गोव्याहून रोज एक विमान, पोटात 2 मायक्रॉनचा लेझर घेऊन, समुद्रावर पश्चिमेला हजार किलोमीटर जाऊन यावं, पाण्यापासून विमानापर्यंतचा वारा थराथराने मोजावा, ढगांनी अडवलं तिथे पॅराशूटला बांधलेली यंत्रं खाली सोडावीत, आणि ते आकडे त्याच रात्री अंदाजाच्या गणितात जावेत. जांबोटीत त्या वेळी बी घरात पोत्यात बांधून ठेवलेलं असतं.